काकांचं निळं नागपूर स्टेशन : रंग उडालाय की असंच काढलंय?

वैजू_महाल (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. महालातलं आमचं जुनं घर रिकामं करणं चालू आहे. माळ्यावर पितळी हंडे, तुटका पाळणा आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्यामागे आबाकाकांचं एक चित्र सापडलं. जलरंगातलं, काच आणि फ्रेमसकट. काका आरएमएसमध्ये (रेल्वेच्या टपाल सेवेत) सॉर्टर होते. निम्मी नोकरी रात्रपाळीत गेली. चित्रकला रीतसर शिकले नव्हते, शाळेत असताना इंटरमिजिएटची परीक्षा दिली होती तेवढीच. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

चित्र नागपूर स्टेशनचं आहे, मेन गेटच्या बाजूने. पुढे टांगे, दोन सायकलरिक्षा, चहाची टपरी. छपरामागून इंजिनाचा धूर वर चाललाय. उजव्या कडेला एक हमाल आहे, पण माउंटने (काचेखालच्या पुठ्ठ्याच्या चौकटीने) तो बरोबर मधोमध कापलाय.

अडचण अशी की स्टेशन निळं आहे! निळसर राखाडी म्हणा हवं तर. आपलं स्टेशन लालसर दगडाचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. एका फ्रेमवाल्याला दाखवलं तर म्हणाला, "ताई, लाल उडून गेला. पोस्टर कलरने टच मारून देतो, पंधराशे द्या." बंगळुरूचा भाऊ म्हणतो, स्कॅन कर, मी कम्प्युटरवर लाल करून मोठी प्रिंट काढतो. पुढच्या महिन्यात काकूंना ८५ पूर्ण होतात, त्यांना द्यायचं आहे.

तर जाणकारांनो, रंग खरंच उडालाय का? आणि टच मारू द्यावा का? दोन फोटो जोडलेत.

गिट्टीखदान (रात्री ९:५२)

पहिला नंबर!
पंधराशेत त फ्रेमवाल्याले पुरं स्टेशन रंगवाले पायजे.

मुळा_मुठा (रात्री १०:०५)

चित्र सुंदर आहे. पण खरं सांगू? मला हे नागपूर स्टेशन वाटलंच नाही. दगडी कमानींची स्टेशनं अर्ध्या भारतात आहेत.

गिट्टीखदान (रात्री १०:०७)

पुण्याचे लोक नागपूर स्टेशनावर झोपूनच येतात अन् झोपूनच जातात, तुमाले कसं वाटन?

लोकोशेड_अजनी (रात्री १०:३१)

नागपूरच आहे, शंभर टक्के. ३४ वर्षं रेल्वेत काढली आहेत. ती मधली पोर्च, ती कमानींची रांग, डोळे बांधून सांगीन.

या निमित्ताने थोडा इतिहास. नागपूरला गाडी आली १८६७ मध्ये, भुसावळकडून. ही आताची दगडी इमारत नंतरची. १५ जानेवारी १९२५ ला मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते उद्‌घाटन झालं. म्हणजे शंभरी उलटली. २०२२ च्या डिसेंबरात पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, त्यातही ही जुनी इमारत राखायचं ठरलं आहे.

काकांनी धूर काढलाय तो नुसती शोभा म्हणून नाही. त्या काळात वाफेची इंजिनं होतीच, सकाळी तर स्टेशनावर धुराची चादरच असायची. टपरीही बरोबर जागी आहे. रंगाचं मात्र माझ्याही पचनी पडलं नाही. स्टेशन लालच.

कोर्टकचेरी (रात्री ११:१२)

वैजूताई, अवांतराबद्दल क्षमस्व, पण नागपुरात चित्र काढण्यासारखी इमारत एकच, आमचं हायकोर्ट. मेड नावाच्या आर्किटेक्टने काढलेलं, तेच ज्यांनी नवी दिल्लीतली दोन मोठी कॅथेड्रल बांधली. ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉयने उद्‌घाटन केलं, खर्च ७,३७,७४६ रुपये. तो घुमट पावसाळी ढगाखाली एकदा बघा, मग स्टेशनचं नाव काढणार नाही.

गिट्टीखदान (रात्री ११:१४)

वकीलसाहेब, तुमच्या इमारतीत गेलेला मानूस चित्र काढाच्या मूडमध्ये नसते. तारीख काढाच्या मूडमध्ये असते.

कोर्टकचेरी (रात्री ११:१५)

:) हे मान्य.

खडूफळा (रविवार, सकाळी ७:२०)

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. रात्री उशिरा धागा पाहिला, झोप आली नाही, म्हणून सकाळी सविस्तर लिहितो.

प्रथम, टच अजिबात मारू देऊ नका. जलरंगावर पोस्टर कलर म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीवर तर्री. जलरंगात खालचा कागद उजेड देतो, पोस्टर कलर तो उजेडच झाकून टाकतो. एकदा बसला की परत काढता येत नाही.

आता रंग उडण्याचा प्रश्न. लाल रंग उडतो हे खरं, पण सगळे लाल उडत नाहीत. त्या काळच्या पोरांच्या पेटीत जो क्रिमसन लेक असायचा, तो उन्हात कच्चा. पाच-दहा वर्षं भिंतीवर उजेड लागला की गुलाबी होतो, मग तोही जातो. पण गेरू, बर्न्ट सिएना, लाइट रेड हे मातीचे, लोखंडाच्या गंजाचे रंग. ते उडत नाहीत. अजिंठ्याचा गेरू आजही लाल दिसतो.

आता विचार करा. तांबूस दगड रंगवायचा तर कोणीही, अगदी इंटरमिजिएटचा मुलगाही, बर्न्ट सिएना घेईल. क्रिमसनने कोणी दगड रंगवत नाही. म्हणजे काकांनी भिंत लाल रंगवली असती तर ती आजही लाल असती. माझं मत, ती निळीच काढलेली आहे. का, ते मात्र मला सांगता येत नाही.

मुळा_मुठा (सकाळी ८:०२)

सर, मग कदाचित त्यांच्याकडे बर्न्ट सिएना संपला असेल! माझ्या पेटीत तोच आधी संपायचा. घर, झाड, डोंगर, सगळ्याला तोच.

खडूफळा (सकाळी ८:१०)

हीही शक्यता आहे. नोकरदार माणसाच्या पेटीचं काही सांगता येत नाही.

सायली_वर्धा (सकाळी ८:३३)

वाचतेय. दुसरा फोटो उघडत नाहीये.

वैजू_महाल (सकाळी ९:००)

पुन्हा चढवला. सर, मनापासून आभार. भावाला तुमचा प्रतिसाद पाठवला. त्याचं म्हणणं, "मूळ चित्राला हात नकोच, पण कॉपीत लाल करायला काय हरकत?" मलाही उत्तर सुचलं नाही.

निळाई (सकाळी ११:४५)

"निळं का?" हा प्रश्न वाचून हसू आलं. आमच्याकडे हा प्रश्न कधी पडलाच नाही.

मी उत्तर नागपूरची. आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या भिंतीवर दीक्षाभूमीचा स्तूप काढलेला होता. काढणारा माणूस दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागचं लिखाण करणारा पेंटर. गंमत म्हणजे ही १९९० च्या आसपासची गोष्ट, स्तूप तेव्हा पूर्ण व्हायचा होता. तो बांधून झाला आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते १८ डिसेंबर २००१ ला उद्‌घाटन झालं. पण आमच्या भिंतीवर तो त्याच्या दहा वर्षं आधीच उभा होता, कळसासकट, तोरणासकट. आकाशात बाबासाहेब, बोट वर. पेंटरने तो कोणत्यातरी छापील चित्रावरून काढला असावा, पण आम्हा पोरांना वाटायचं तिथे जाऊन पाहून काढलाय.

आणि स्तूप निळा होता. खरा स्तूप संगमरवर आणि धोलपूरच्या दगडाचा, पांढरट-पिवळसर. पहिल्यांदा आत जाऊन आले तेव्हा आईला म्हटलं, हा रंगवायचा राहिलाय का? आई म्हणाली, आपला आहे तो निळा, हा सगळ्यांचा आहे.

ती भिंत पुढे रस्ता रुंदीकरणात गेली. फोटो कुणाकडेच नाही, मोबाइल कुठे होते तेव्हा. म्हणून वैजूताई, ते चित्र जपा. लाल-निळं नंतर बघू.

सायली_वर्धा (दुपारी १२:०१)

निळाई, "आपला आहे तो निळा"... दंडवत तुमच्या आईला.

लोकोशेड_अजनी (दुपारी १२:२०)

छान आठवण. पण इथे काका नोकरदार, रोज स्टेशन पाहणारे. पेंटरने न पाहता काढलं, काकांनी पाहून काढलं. फरक आहे.

निळाई (दुपारी १२:३१)

रोज पाहणाराच कमी पाहतो, असंही असतं ना काका. तुमच्या क्वार्टरच्या दाराचा रंग पटकन सांगा बरं.

लोकोशेड_अजनी (दुपारी १२:५५)

हिरवा. म्हणजे बायको म्हणते, चॉकलेटी होता.

गिट्टीखदान (दुपारी १२:५६)

३४ वर्षं!!! अन् डोळे बांधून स्टेशन ओळखून राहिले!

परदेशी_संत्रं (दुपारी ४:१८)

मी फ्रान्समध्ये, मूळची धरमपेठची. थोडं लांबेल, पण शेवटी मुद्द्यावर येते.

इथे रुआं नावाचं गाव आहे, तिथलं कॅथेड्रल (मोठं चर्च) मोने या फ्रेंच चित्रकाराने तीसपेक्षा जास्त वेळा काढलं. समोरच्या घरांत खोल्या घेऊन खिडकीतून एकच एक दर्शनी भिंत, १८९२ आणि १८९३ मध्ये. घरी नेऊन पुढे वर्षभर गिरवत बसला. १८९५ मध्ये पॅरिसला त्यातली वीस एकत्र लावली. पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये पाच आहेत, मी दर पाहुण्याला नेऊन दाखवते, त्यामुळे आता पाठ झालीत. एक तपकिरी, एक सोनेरी, एक चक्क निळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही विचारलं होतं, दगड नक्की कोणत्या रंगाचा?

तर त्या कॅथेड्रलची दर्शनी भिंत पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य मागे असतो, भिंत सावलीत, वरून उजेड फक्त आकाशाचा. म्हणून सकाळची चित्रं निळी. दुपारनंतर ऊन समोर येतं, तेव्हा तीच भिंत पिवळी-केशरी.

आता नागपूरकर सांगा, आपल्या स्टेशनचं मेन गेट कुठल्या दिशेला?

गिट्टीखदान (दुपारी ४:२२)

अरे बाप्पा.

लोकोशेड_अजनी (दुपारी ४:२५)

पश्चिमेला! संत्रा मार्केटचं गेट पूर्वेला, आणि मेन बिल्डिंग सीताबर्डीच्या अंगाला, पश्चिमेला तोंड करून. सकाळी सूर्य संत्रा मार्केटकडून, म्हणजे बिल्डिंगच्या मागून.

मुलगी, तू कमाल केलीस.

खडूफळा (दुपारी ४:४०)

आणि काका रात्रपाळीचे! ड्यूटी सुटली की सकाळीच बाहेर येणार. वैजूताई, टांग्यांच्या सावल्या कुठे पडल्यात बघा जरा.

वैजू_महाल (संध्याकाळी ५:१०)

हात थरथरतायत. भिंग लावून पाहिलं. घोड्यांच्या सावल्या आमच्या दिशेला, म्हणजे चित्राच्या खालच्या कडेकडे लांब पडल्यात. टपरीची सावलीही.

खडूफळा (संध्याकाळी ५:१४)

मग सूर्य समोर, इमारतीच्या मागे. सकाळच.

मुळा_मुठा (संध्याकाळी ५:३०)

थांबा, थांबा. सिद्धांत छान आहे, पण दगड सावलीत गेला की गडद होतो, इतका निळा होतो का? मोनेला होतो ते ठीक, तो मोने. आरएमएसच्या सॉर्टरने छापील चित्रं पाहून प्रभाव घेतला असेल असंही असू शकतं.

परदेशी_संत्रं (संध्याकाळी ५:४१)

मोनेला व्हायला मोने असावं लागत नाही हो, सकाळी लवकर उठावं लागतं फक्त. आणि स्टेशनांचाच विषय निघालाय तर, त्याने पॅरिसचं सेंट लाझार स्टेशन बारा वेळा काढलंय, १८७७ मध्ये. त्यातही वाफ आणि धूर निळा.

कोर्टकचेरी (संध्याकाळी ५:५०)

१८७७! त्याच साली १ जानेवारीला आपली एम्प्रेस मिल सुरू झाली, जमशेटजी टाटांची. म्हणजे तिकडे मोने स्टेशनचा धूर काढत होता, इकडे गांधीसागराकाठी मिलचा धूर निघत होता. तो कोणी काढला नाही याचं वाईट वाटतं. माझे आजोबा त्या मिलमध्ये जॉबर (मुकादम) होते. मिलचं एकही चित्र आमच्या घरी नाही, पगाराची पाकिटं आहेत.

गिट्टीखदान (संध्याकाळी ५:५३)

वकीलसाहेब, पाकिटाचा फोटो टाका ना. नवा धागा.

सायली_वर्धा (संध्याकाळी ६:१५)

अवांतर: नागपूरच्या चित्रकारांवरही एक धागा हवा. अमूर्त चित्रं काढणारे गायतोंडे नागपुरात जन्मले, १९२४ ला. रझा नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, १९३९ ते ४३. किती जणांना माहीत असतं?

गिट्टीखदान (संध्याकाळी ६:१९)

गायतोंडेंच्या चित्रात स्टेशन शोधून दाखवा, तर्री पोहे माझ्याकडून.

इतवारी_फ्रेम (रात्री ८:३०)

मी फ्रेमच्याच धंद्यात, वडिलांपासून दुकान आहे. (पंधराशेवाला मी नाही, आधीच सांगून ठेवतो.)

वाद मिटवायचा सोपा उपाय आहे. फ्रेम उघडा. माउंटच्या कडेखाली चित्राची एक पट्टी झाकलेली असते, अर्धा-पाऊण इंच. तिथे उजेड कधी पोचलेला नसतो. झाकलेला आणि उघडा रंग शेजारी शेजारी ठेवून पाहिला की कळतं, उडालं किती. तुमच्या चित्रात तर हमालच अर्धा माउंटखाली आहे. साक्षीदार तयार उभा आहे.

पण घरी उघडू नका. मागचे खिळे गंजलेले असतात, ओढताना काच तडकते. माउंटचा जुना पुठ्ठा आम्लधर्मी असतो, कागदाला चिकटलेला असू शकतो, ओढला तर रंग घेऊन येतो. हार्डबोर्डमागे कसर असतेच. ओलं फडकं तर चुकूनही नको, जलरंग आहे तो. नीट काम करणाऱ्या माणसाकडे न्या आणि समोर उभं राहून उघडून घ्या.

वैजू_महाल (रात्री ८:५०)

तुमच्याकडेच आणते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

टेकडी_फिरस्ता (रात्री ९:०५)

मी रोज पहाटे टेकडी गणपतीला जातो. उद्या स्टेशनसमोर उभा राहून बघतो आणि फोटो टाकतो.

टेकडी_फिरस्ता (सोमवार, सकाळी ७:०५)

गेलो होतो, सव्वासहा ते पावणेसात. आधी तक्रार: समोर पुनर्विकासाचे पत्रे लावलेत, नीट उभं राहायला जागा नाही. मधे काही वर्षं समोर पूल होता तेव्हा तर इमारत दिसायचीच नाही, आता पूल गेला, पत्रे आले.

पण राजेहो, निळी आहे! आजवर रोज त्याच रस्त्याने गेलो, कधी लक्षच गेलं नाही. मागे आकाश पिवळं झालेलं आणि पुढची भिंत थंड, राखाडी-निळी, कमानींच्या आत तर जांभळट. साडेसहाला नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं, स्टेशन कोणत्या रंगाचं आहे? तो वर न बघता म्हणाला, लाल.

आता खरी गंमत. मोबाइलने फोटो काढला तर फोटोत स्टेशन लाल! चार वेळा काढला. सेटिंगमध्ये काय काय केलं, तरी तो आपला दगड तांबूस करूनच देतो. माझा डोळा निळा बघतोय आणि फोन म्हणतोय, नाही साहेब, लालच असतं. म्हणून फोटो टाकत नाही.

मुळा_मुठा (सकाळी ८:१५)

फोन रंगाचा तोल आपणच साधायला जातो, सावलीतला निळा काढून टाकतो. आपला मेंदूही तेच करतो म्हणे. हरलो बुवा.

गिट्टीखदान (सकाळी ८:१७)

पुणे हरलं! धागा वाचनखुणेत साठवला.

वैजू_महाल (मंगळवार, रात्री १०:२०)

आज इतवारीत जाऊन आले. तब्बल दीड तास. दादांनी एकेक खिळा पकडीने सरळ करून काढला, मग चाकूचं पातं माउंटखाली सरकवत सरकवत पुठ्ठा सोडवला. मी श्वास रोखून उभी. माउंट उचलला आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तर झाकलेली पट्टी. वर आकाश, तेच फिकट पिवळं, काही बदल नाही. उजवीकडे इमारतीचं टोक पट्टीत आलंय, ते लाल नाहीये. जांभळं आहे. ताज्या वांग्याच्या सालीसारखं. आणि पट्टी संपते तिथे एक सरळ रेघ, त्याच्या अलीकडे तीच भिंत निळी राखाडी.

हमाल तर बघण्यासारखा. अर्धा सदरा मळक्या गुलाबी रंगाचा, जो आम्ही इतके दिवस बघत होतो. उरलेला अर्धा लालभडक, पिंजरीसारखा. जणू दोन माणसं शिवून जोडलीत.

आणि खालच्या कोपऱ्यात, माउंटखाली, पेन्सिलने: "मे ७१, स. ६॥".

खडूफळा (रात्री १०:३२)

साडेसहा! ते साडेसहाचं "६॥" हल्लीच्या मुलांना वाचताही येणार नाही.

म्हणजे दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर. भिंत सावलीतली म्हणून जांभळी रंगवली, निळा अल्ट्रामरीन आणि लाल क्रिमसन लेक मिसळून. पुढे त्यातला क्रिमसन उजेडाने खाल्ला, मागे अल्ट्रामरीन राहिला. हमालाचा सदराही क्रिमसनचाच. दगड क्रिमसनने कोणी रंगवत नाही, असं मी वर छातीठोक लिहिलं होतं. काकांनी रंगवला. विधान मागे घेतो.

मे महिन्यात नागपुरात पावणेसहाच्या आतच सूर्य उगवतो. साडेसहाला तो इमारतीमागे, छपराच्या जरा वर. टांग्यांच्या सावल्या जुळतात.

लोकोशेड_अजनी (रात्री १०:४०)

आणि मेमध्ये नंतर उन्हात बसून चित्र काढायची कोणाची बिशाद. सात वाजता घाम निथळतो.

परदेशी_संत्रं (रात्री १०:४४)

तीन दिवस फ्रान्समध्ये बसून नागपूर स्टेशनची काळजी करतेय. नवरा म्हणतो, इथे ओर्सेला जा की. त्याला सांगितलं, तिथे हमाल नाहीये.

वैजू_महाल (बुधवार, दुपारी १:३०)

काकूंना सरप्राइज द्यायचं होतं, पण राहवलं नाही. फोनवर फोटो दाखवला. म्हटलं, काकू, स्टेशन निळं का काढलं काकांनी? त्या चष्मा पुसून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "रात्रभर टपालं लावून बाहेर यायचा माणूस. लाल त्याचे डोळे असायचे, स्टेशन कशाला लाल दिसेल?" मग म्हणाल्या, "आठला घरी यायचे. मला वाटायचं सायकल पंक्चर होते रोज."

भावाने लाल प्रिंटचा विचार सोडला. आता म्हणतो, कॉपीत जांभळं करू, मूळ होतं तसं. त्यावर मात्र माझं अजून ठरलेलं नाही. काकूंनी पन्नास वर्षं जे बघितलं ते निळंच होतं.

निळाई (दुपारी १:५०)

निळं राहू द्या. (माझं मत पक्षपाती आहे, कबूल.)

इतवारी_फ्रेम (दुपारी २:१५)

ताई, नवा माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचा कापलाय, आणि त्यातली खिडकी मोठी ठेवलीय. हमाल पूर्ण दिसेल आणि पेन्सिलचं "६॥" पण. आता तो लाल सदराही उघड्यावर येणार, म्हणून चित्र खिडकीसमोर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा. नाहीतर वीस वर्षांनी तुमची भाची हाच धागा परत काढेल.

लोकोशेड_अजनी (दुपारी २:३०)

हमाल पूर्ण दिसतोय तर एक विचारू? दंडावर पितळी बिल्ला काढलाय का? बिल्ल्यावर नंबर असायचा.

वैजू_महाल (दुपारी ३:०५)

आहे! झाकलेल्या बाजूच्या दंडावर पिवळा ठिपका आहे, मला वाटलं रंग सांडलाय. भिंगातून आकडा दिसतो. पहिला ४. दुसरा १ किंवा ७.

लोकोशेड_अजनी (दुपारी ३:०६)

नीट बघा, ४१ की ४७?

गिट्टीखदान (दुपारी ३:०८)

कोनी झोपू नका आज.